वऱ्हाडच्या पेठेतील दुकान आणि त्यामागील कर्ज

व्यापाऱ्याचा पैसा दोन जातींचा असतो, एक फिरता आणि दुसरा बसता. फिरता पैसा हंगामाच्या आरंभी तिजोरीतून बाहेर पडतो, मालात गुंततो, माल विकला जाताच पुन्हा तिजोरीत येऊन विसावतो आणि पुढल्या हंगामास परत निघतो. बसता पैसा मात्र एकदा भिंतीत, कौलांत आणि ओट्याच्या फरशीत जाऊन बसला की सहसा उठत नाही. दुकानाची जागा विकत घेणे म्हणजे फिरत्या पैशास बसविणे होय. बुलढाणा जिल्ह्याच्या पेठांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने चाळला, तर किराणा, कापड, सरकी किंवा भांडी विकणाऱ्या लहान दुकानदारापुढे एकच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो. माल भरण्यास लागणारा सहा महिन्यांचा पैसा त्यास कोठेही मिळे. पण जागा घेण्यास लागणारा दहा-पंधरा वर्षांचा पैसा आणावयाचा कोठून?

या प्रश्नाची पहिली बाजू खामगावात दिसते. या गावी कापसाचा व्यापार १८२० च्या सुमारास सुरू झाला. काही व्यापाऱ्यांनी दुकाने थाटली आणि तूप, सूत व थोडाबहुत कापूस यांची खरेदी-विक्री होऊ लागली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८२५-२६ च्या सुमारास, विकाजी आणि पेस्तनजी या पारशी बंधूंच्या पेढीने वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मुंबईस पाठविण्याचा उपक्रम केला. हीच पेढी पुढे निजाम सरकारास कर्ज देऊ लागली आणि त्या कर्जापोटी वऱ्हाडच्या वसुलाचे हक्क तिच्याकडे गहाण पडले. १८५३ साली तर त्याहून मोठा व्यवहार झाला. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. आणि १९०२ साली तोच प्रांत सालिना २५ लाख रुपयांच्या बोलीने कायमच्या पट्ट्यावर दिला गेला. ज्या प्रदेशाचे राज्यच कर्जाच्या कागदावर एका हातून दुसऱ्या हाती गेले, तेथील दुकानदारास गहाण हा शब्द नव्याने शिकवावा लागला नसेल.

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीस एकाएकी सोन्याचा भाव आला. १८६५ साली युद्ध संपले, मुंबईतील सट्ट्याचा डोलारा कोसळला, कापसाचे भावही उतरले. परंतु त्या तेजीच्या काळात आखला गेलेला लोहमार्ग मागे राहिला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या मार्गाने अकोल्याकडे जाऊन १८६७ साली नागपुरास पोहोचला. खामगाव मात्र या मार्गापासून आठ मैल बाजूस पडले होते. एवढी मोठी बाजारपेठ रुळांपासून दूर ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत सरकारी खर्चाने खास शाखा टाकण्यात आली आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते ती खुली झाली. गावास नगरपालिका १८६७ मध्येच मिळाली होती. मूळचे अकोला जिल्ह्यातील हे गाव १९०५ साली बुलढाणा जिल्ह्यास जोडले गेले. तोपर्यंत अमरावती आणि अकोला या पेठांनी त्यास मागे टाकले होते, हेही येथे नमूद करणे प्राप्त आहे.

रेल्वे आली, की स्टेशनापासून बाजारापर्यंतच्या रस्त्यास मोल चढते. शेतातील चौफेर जमिनीस जी किंमत नाही, ती त्या रस्त्यावरील दोन खणांच्या जागेस येते. अडत्याला गाड्या सोडावयास जागा हवी, कापडवाल्यास रस्त्यावर तोंड हवे, भुसारी व्यापाऱ्यास मागे कोठार हवे. ज्याने अशी जागा वेळेवर घेतली त्याच्या नातवंडांनी ती भोगली. ज्याने भाड्यावर दिवस काढले त्यास प्रत्येक तेजीत घरमालकाचा नवा आकडा ऐकावा लागला. म्हणजे जागा घेण्याची इच्छा ही केवळ प्रतिष्ठेची हौस नव्हती. वाढणाऱ्या भाड्यापासून स्वतःचा बचाव करण्याचा तो मार्ग होता.

आता हा पैसा येई कोठून, ते पाहू. पहिला आधार घरातील दागिन्यांचा. दुसरा आप्तांच्या आणि जातबांधवांच्या हातउसन्याचा. मारवाडातून किंवा गुजराथेतून येऊन वऱ्हाडात स्थायिक झालेल्या पेढ्यांना हा आधार विशेष होता. नवख्या माणसास गादीवर बसवून काम शिकविणे, पुढे भागीदारी देणे आणि अखेर स्वतंत्र दुकान काढून देणे ही त्यांची जुनी रीत. ज्यास असा गोतावळा नव्हता त्यास सावकाराची पायरी चढावी लागे. आणि सावकार मोठ्या रकमेस जिनगीचे तारण मागे.

तारणाचे प्रकार ठरलेले असत आणि त्यांतील भेद ज्यास कळत नसे तो फसे. नजरगहाणात दुकानाचा ताबा ऋणकोकडेच राही. कर्ज थकले तर सावकाराने दिवाणी दावा करून, जागा विकवून आपले पैसे वसूल करावयाचे. ताबेगहाणात जागाच सावकाराच्या हाती जाई आणि तिचे भाडे तो व्याजापोटी खाई. तिसरा प्रकार मुदतखरेदीचा. यात कागद विक्रीचा होई आणि अट अशी असे की, ठरलेल्या मुदतीत रक्कम परत आली तर विक्री रद्द, न आली तर ती पक्की. घाईच्या गरजेत सर्वांत लवकर पैसे याच कागदावर मिळत. आणि सर्वांत लवकर जागाही याच कागदावर जाई.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने या व्यवहारांना एक चौकट घालून दिली आणि पुढे तो कायदा वऱ्हाडासही लागू झाला. कर्जफेड करून गहाण सोडविण्याचा ऋणकोचा हक्क या कायद्याने मानला. १९०८ च्या मुदतीच्या कायद्यान्वये गहाण सोडविण्याच्या दाव्यास साठ वर्षांची मुदत होती, म्हणजे आजोबांनी अडकविलेली जागा नातू सोडवू शके. परंतु मुदतखरेदीत एक बारीक गोम होती. विक्रीचा कागद एक आणि परत देण्याच्या कराराचा कागद दुसरा, असे दोन कागद केले की तो व्यवहार गहाणाचा की विक्रीचा, यावर वर्षानुवर्षे वाद चाले. १९२९ च्या दुरुस्तीने या वादावर पडदा टाकला: परतीची अट विक्रीच्याच कागदात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही. नियम स्पष्ट झाला हे खरे. पण वेगळ्या चिठोऱ्यावर विश्वासून बसणाऱ्याचे दुकान त्याच स्पष्टतेने गेले.

व्याजाचा दर बोलण्याची पद्धत दरमहा दरशेकडा अशी. शेकडा एक रुपया हा दर ऐकण्यास सौम्य वाटतो. पण १,००० रुपये या दराने घेतले तर महिन्यास १० रुपये व्याज झाले. त्याच दुकानाचे भाडे समजा ७ रुपये असते, तर मालक होण्यासाठी दुकानदार दरमहा ३ रुपये अधिक मोजीत होता, आणि मुद्दल अजून जागचे हललेलेही नव्हते. व्याज न देता तसेच राहू दिले, तर १०० महिन्यांत, म्हणजे आठ वर्षे चार महिन्यांत, ते मुद्दलाइतके होई. हिंदू धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम येथे कामास येई: एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हा नियम मानला होता. परंतु चतुर सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा कागद लिहून घेई, आणि दुपटीची मोजणी नव्याने सुरू होई.

आणखी एक अडचण घरातूनच येई. दुकान बहुधा एकत्र कुटुंबाचे. कर्त्याने ते गहाण टाकले तरी कौटुंबिक गरज सिद्ध झाली नाही तर इतर समाईकदार ते गहाण उडवून लावू शकत. १८५६ साली प्रिव्ही कौन्सिलने हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यात असे ठरविले की, कर्ज देणाऱ्याने गरजेची रास्त चौकशी केली असेल तर त्यास संरक्षण मिळावे. म्हणून जाणता सावकार कागदावर सर्व भावांच्या सह्या घेई. एका भावाचा रुसवा म्हणजे साऱ्या घराचे कर्ज अडले, असा त्याचा अर्थ होई.

या सर्व काळात मोठ्या बँका काय करीत होत्या, असा प्रश्न सहजच मनात येतो. उत्तर असे की, त्यांना दुकानाच्या भिंतीवर पैसे देण्याची मुभाच नव्हती. इलाखा बँकांच्या १८७६ च्या कायद्याने स्थावराच्या गहाणावर आणि सहा महिन्यांहून अधिक मुदतीने कर्ज देण्यास बंदी घातली होती. त्या बँकांच्या एकीकरणातून १९२१ साली निघालेल्या इंपीरियल बँकेसही ते निर्बंध लागू राहिले. त्यामागे तर्क होता. ठेवीदार आपला पैसा केव्हाही मागू शकतो. तो भिंतीत अडकवून ठेवला तर मागणीच्या दिवशी द्यावयाचा कोठून? कापसाच्या गाठी आठवड्यात विकता येतात, दुकान विकण्यास वर्ष लागते. म्हणून गाठींच्या मालकास बँकेचे दार उघडे, आणि त्याच पेठेतील कासार-शिंप्यास ते बंद, असा प्रकार झाला.

शेतकऱ्याकडे सरकारचे लक्ष निदान उशिरा तरी गेले. मध्यप्रांत-वऱ्हाडात १८९७ च्या कायद्याने कापूस व धान्य बाजारांस नियम घालून दिले. १९३३ साली कर्ज-समेट मंडळांचा कायदा झाला. दीर्घ मुदतीच्या कर्जासाठी भूतारण बँका निघाल्या. हे सारे शेतीसाठी होते. दुकानदार हा सावकाराच्याच जातीचा समजला गेला, आणि तोही कोणाचा तरी ऋणको असतो, ही गोष्ट कायद्याच्या दृष्टीआड राहिली.

लहान दुकानदारासाठी खरा मार्ग निघाला तो सहकाराचा. प्रशियातील डेलिट्श गावच्या हेर्मान शुल्झ यांनी १८५० साली कारागिरांसाठी पतपेढी काढली. सुतार, चांभार, किरकोळ दुकानदार अशा माणसांनी थोडे थोडे भाग-भांडवल जमवावे आणि परस्परांच्या जामीनकीवर कर्ज घ्यावे, ही तीमागील कल्पना. तीच १८६५ साली लुइजी लुझ्झाटी यांनी मिलान शहरात नेली. हिंदुस्थानात १८८९ साली बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर या मराठी गृहस्थांच्या पुढाकाराने अन्योन्य सहायकारी मंडळी स्थापन झाली. त्या वेळी सहकाराचा कायदाही नव्हता. तो १९०४ साली आला आणि १९१२ साली अधिक व्यापक झाला. शहरी पतपेढीत तारण दोन प्रकारचे असे: एक दुकानाचे आणि दुसरे जामीनदारांचे. कर्जदार कसा वागतो, सकाळी दुकान किती वाजता उघडतो, उधारी कोणास देतो, हे सभासदांना डोळ्यांनी दिसत असे. अशी माहिती मुंबईच्या बँकेस कोणत्याही पगारी निरीक्षकाकडून मिळाली नसती.

स्वातंत्र्यानंतर या चित्रात दोन महत्त्वाचे फेरबदल झाले. पहिला भाडेकरूंसंबंधीचा. १९४९ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड भाडेनियंत्रण हुकुमान्वये भाडेकरूस जागा सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकास भाडेनियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. त्यामुळे जुन्या भाड्यावर बसलेल्या दुकानदाराची निकड ओसरली. स्वस्तात बसावयास मिळत असता विकत कोण घेणार? नव्याने धंदा काढणाऱ्या तरुणाची मात्र कोंडी झाली. रिकामी जागा मिळेना आणि मिळालीच तर आधी पागडी मोजावी लागे. पागडीस पावती नसे, म्हणून तीवर बँकेचे कर्जही नसे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९, हा २००० साली अमलात आला; त्याने जुना हुकूम संपविला आणि पागडीचा व्यवहार कायदेशीर मानला.

दुसरा फेरबदल बँकांचा. १९६६ साली सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आल्या. १९६९ च्या जुलैत चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि लहान व्यापाऱ्यास कर्ज देणे हे त्यांच्या अग्रक्रमाच्या कामांत गणले जाऊ लागले. बुलढाण्यासारख्या रेल्वे नसलेल्या, कचेऱ्या आणि न्यायालये यांच्या आधारावर वाढलेल्या गावीही दुकानासाठी मुदतीचे कर्ज ही ऐकिवातील गोष्ट राहिली नाही. १९८६ साली याच गावी राधेश्याम चांडक यांनी ७२ सभासद आणि १२,००० रुपये भांडवल एवढ्या सामग्रीवर बुलडाणा अर्बन सहकारी पतसंस्था सुरू केली. सोन्यावर आणि गोदामातील धान्यावर कर्ज देत देत ती जिल्ह्याबाहेर, पुढे राज्याबाहेरही गेली. बँका ज्या तारणास कंटाळतात तेच तारण जवळून ओळखणे, हे तिच्या वाढीचे एक कारण म्हणता येईल.

परंतु सहकार म्हणजे अभयपत्र नव्हे. बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेस रिझर्व्ह बँकेने २०१२ साली परवाना नाकारला. २०१४ च्या अखेरीस केंद्र सरकारने देशातील २३ मध्यवर्ती बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, तीत नागपूर आणि वर्धा यांच्या जोडीने तिचाही समावेश होता. मलकापूर अर्बन सहकारी बँकेवर २०२१ साली निर्बंध आले आणि २०२३ च्या जुलैत, पुरेसे भांडवल आणि मिळकतीची शक्यता नाही या कारणास्तव, तिचा परवाना रद्द झाला. अशा वेळी दुकानदार दोन्हीकडून सापडतो. त्याची ठेव अडकते, चालू खाते थांबते, आणि कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. बँकेतील ठेवीस पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस ते नाही. फलकावरील नावांत फारसा फरक दिसत नसला, तरी हा भेद गृहस्थाश्रमी माणसाने नीट ध्यानात ठेवावयास हवा.

आजचा हिशेबही जुन्याच वहीतील आहे, फक्त आकडे मोठे झाले. समजा, १० लाख रुपयांची जागा आहे. बँक ७ लाख देते आणि ३ लाख दुकानदाराने घालावयाचे. शेकडा १२ व्याजाने दहा वर्षांची फेड ठरली तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,०४३ रुपये होतो, आणि ७ लाखांचे एकूण १२ लाखांहून थोडे अधिक भरावे लागतात. पण खरा धोका या पाच लाखांच्या व्याजात नाही. तो स्वतःच्या तीन लाखांत आहे. ते तीन लाख बहुधा मालातून काढलेले असतात. दुकान स्वतःचे झाले आणि फळ्या रिकाम्या राहिल्या, तर गिऱ्हाईक समोरच्या भाड्याच्या दुकानात जाते. पेठेतील अनुभवी माणसे म्हणूनच सांगतात की, जागेसाठी पैसा घ्यावा तो लांब मुदतीचा, मालाच्या खात्यातून जागा घेऊ नये.

कागदांची चौकशीही जुनीच आहे. वऱ्हाडच्या गावांत पुष्कळ जागा नझुलाच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या आणि पट्ट्याने दिलेल्या असतात. पट्ट्याची मुदत आणि शर्ती पाहिल्याखेरीज केलेली खरेदी म्हणजे वाळूवरचे बांधकाम होय. पूर्वी सर्व भावांच्या सह्या लागत, आता बहिणींच्याही लागतात. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला. आणि वसुलीचा वेग पार बदलला आहे. सरफेसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २००२ च्या कायद्याने बँक साठ दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात दावा न लावता, तारणाचा ताबा घेऊ शकते. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सहकारी बँकांचाही हा अधिकार मान्य केला. शेतजमीन या कायद्यातून वगळली आहे, दुकान वगळलेले नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर सारी बाकी भरून तारण सोडविण्याची सवलत लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच उरली आहे. ज्या हक्कासाठी आजोबांना साठ वर्षे होती, त्यासाठी नातवास काही महिनेच मिळतात.

याचा अर्थ जुना काळ बरा होता, असा मात्र नव्हे. साठ वर्षांची सवलत कायद्यात होती. शेकडा दर, मिळविलेले व्याज आणि न्यायालयाचा खर्च सोसून तिचा लाभ घेण्याची ऐपत किती जणांपाशी होती, हा प्रश्न उरतोच. आज दर उघड आहे, कागद छापील आहे, आणि कर्ज मिळण्यास सावकाराची मर्जी सांभाळावी लागत नाही. जे पूर्वी होते आणि आता विरळ होत आहे, ते म्हणजे देणारा आणि घेणारा यांची ओळख. जामीनदार होणारा शेजारी कर्जदारास वेळीच थांबवीतही असे.

जागेचे मोलही कायमचे नसते, हे या जिल्ह्याच्या इतिहासावरून शिकण्यासारखे आहे. रेल्वेने मलकापूर-शेगावच्या रस्त्यांना मोल दिले. शेगावास गजानन महाराजांनी १९१० साली समाधी घेतल्यानंतर यात्रेकरूंच्या वाटेवरील दुकाने फुलली. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला. तो मेहकर आणि सिंदखेडराजा या तालुक्यांतून जातो, पण वेगाने धावणारी गाडी पेठेत थांबत नाही. १८७० साली खामगावच्या बाजारात रूळ येऊन भिडला, म्हणून बाजार वाढला. रस्ता पेठेस भिडतो की वळसा घालून जातो, हे पाहून मग जागेची किंमत करणारा दुकानदार आपल्या मुलांसाठी दुकान मागे ठेवतो. ते न पाहणारा केवळ हप्ते मागे ठेवतो.